पहिलीच्या पोरांना दात घासायला शिकवताना तुमचं काय जमलं, काय फसलं?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते पण हे कुठेतरी लिहायचंच होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी एकत्र शिकवते, सांगलीकडे, शाळेच्या तिन्ही बाजूंनी ऊस. गेल्या वर्षी पोरांना गैरहजेरीचं कारण विचारलं की ताप, पाहुणे, जत्रा याच्या खालोखाल एकच, "बाई दाढ दुखत हुती". सहा वर्षांच्या पोराची दाढ! मग एकदा सगळ्यांना खिडकीपाशी उजेडात उभं करून आ करायला लावलं तर निम्म्याहून जास्त तोंडांत काळे खड्डे, आणि हे मला नुसत्या डोळ्यांनी दिसले ते.

मग मी काय केलं, तर सगळे करतात तेच. तक्ता. एक हसरा दात, एक रडका दात, शिंगं असलेले हिरवे जंतू. पोरांनी मस्त रंगवला, भिंतीवर लावला, वरून साहेब आले ते कौतुक करून गेले. दोन महिन्यांनी विचारलं दात किती वेळा घासायचे, अख्खा वर्ग ओरडला "दोन वेळा!" रात्री घासतं कोण विचारलं तर दोन हात वर, त्यातला एक खोटा आहे हे शेजारच्याने ताबडतोब सांगून टाकलं.

आणि मग एक दिवस मधल्या सुट्टीत एक मुलगी व्हरांड्यात बसून खराट्याच्या काडीने दाढेत कोरताना दिसली. काय करतीस गं, तर म्हणाली "कीड काढतीया". तिला वाटत होतं आत अळी आहे, वांग्यात असते तशी. आता सांगा तिचं काय चुकलं? वांग्याला कीड लागते, तुरीला लागते, दाताला लागते, शब्द आपलाच आहे. वर तिच्या आजीने दाढेसाठी रिंगणीच्या (काटेरी रानझुडूप) बियांची धुरी घेतलेली, पाण्यात पडलेले पांढरे "किडे" हिने डोळ्यांनी पाहिलेले. माझा तक्ता त्यापुढे काय टिकणार, त्यात जंतूंना हातपाय मीच काढून दिलेले.

तक्ता उतरवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दोन अंडी, दोन बरण्या, एकीत पाणी, एकीत व्हिनेगर (चायनीजच्या गाडीवाल्याकडून मागून आणलं, त्याला वाटलं बाई नूडल्स करतायत). अंडं टाकल्या टाकल्या त्याच्यावर बारीक बारीक बुडबुडे धरायला लागले, पोरं नाकं दाबून बघतायत, एक म्हणाला "बाई, अंड्याचा सोडा झाला". दुसऱ्या दिवशी कवच नखाने खरवडून यायला लागलं, तिसऱ्या दिवशी कवच गायब आणि आत नुसती पिशवी, रबरी बॉलसारखी दबते. पाण्यातलं अंडं जसंच्या तसं. सगळ्यांनी दोन्ही हातात घेऊन बघितली, विसाव्या की एकविसाव्या हातात पिशवी फुटली, सतरंजीचा वास पुढचा आठवडाभर.

मग सांगितलं की आत अळीबिळी काही नाही, आपण गोड खाल्लं की तोंडातले जंतू पण ते खातात आणि आंबट सोडतात, त्या आंबटाने दात विरघळत विरघळत खड्डा पडतो. काडीवाली मुलगी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली "म्हंजी कोरून निघायचं न्हाई?"

नाही निघायचं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी पोचलं.

आता पुढचं. जूनपासून रोज पोषण आहाराची खिचडी झाली की वर्गातच दात घासायला लावायचं ठरवलंय. ब्रश मी आणि दोन सहकारी मिळून घेतोय. पण अडचणी आहेत. शाळेला पाणी आठवड्यातून तीनच दिवस, तेवढ्या पोरांच्या चुळा कशा होणार, ब्रश ठेवायचे कुठे (उंदीर, पाली, सगळं आहे), पेस्ट किती द्यायची, आणि घरी आज्या मशेरी लावतात, पोरं बघून बोटावर घेतात, तिथे काय बोलायचं. कोणी केलं असेल तर लिहा प्लीज.

चहाबाज

अंड्याचा सोडा झाला, हाहाहा. वाचतोय.

दाढ_शहाणी

पाटीपेन्सिल ताई, मी दातांची डॉक्टर आहे, लहान मुलांचंच काम जास्त करते. काडीवाल्या मुलीचा किस्सा वाचून हसू पण आलं आणि वाईटही वाटलं कारण क्लिनिकमध्ये आईवडील पण विचारतात, "डॉक्टर, अळी निघाली का?" धुरीतले ते पांढरे "किडे" दातातले नसतातच, दातात किडे राहत नाहीत.

अंड्याचा प्रयोग छानच पण एक दुरुस्ती सुचवते. अंड्याचं कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, दाताचं वरचं आवरण कॅल्शियम फॉस्फेटच्या जातीचं, खूप कठीण. त्यामुळे पोरांना सांगा की दात असा दोन रात्रीत जात नाही, महिनोन्महिने थोडा थोडा झिजतो. गोड खाल्लं की काही मिनिटांत तोंड आंबट होतं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट जास्त) साडेपाचच्या खाली गेला की दातातले क्षार सुटायला लागतात, मग लाळ हळूहळू ते निस्तरते आणि त्याला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. आता बिस्किटाचा पुडा दिवसभर दप्तरात आणि दर थोड्या वेळाने एक तोंडात, म्हणजे लाळेला सवड कधी मिळणार? म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. संक्रांतीला चार तिळगूळ एका बैठकीत खाल्ले तर मी कपाळाला आठ्या घालणार नाही, एकच तिळगूळ तासभर गालात धरून ठेवला तर घालीन.

दुसरं म्हणजे काळा खड्डा ही शेवटची पायरी. त्याच्या आधी हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरट डाग येतो, तेवढ्यावर पकडलं तर फ्लोराइडच्या (दात बळकट करणारा क्षार) पेस्टने, खाणं आवरून तो थांबतो, पुष्कळदा मागेही फिरतो. खिडकीपाशी आ करायला लावता ना, पुढच्या वेळी वरचा ओठ उचलून बघा.

पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात ना तसली अजिबात नको. आणि नुसता फळांचा वास बघून कुठलीही घेऊ नका, पाकिटामागे बघून एक हजार पीपीएम किंवा जास्त फ्लोराइड असलेली घ्या. कोलगेटच घ्या असं नाही (आमच्याकडे पेशंट कुठल्याही पेस्टला कोलगेटच म्हणतात).

कौलारू

मी पण मास्तरच, तळकोकणात. अंड्याला आमच्याकडे दोन पालकांनी हरकत घेतली, म्हणाले वर्गात अंडं नको. म्हटलं ठीक, खडू वापरू. खडू व्हिनेगरमध्ये टाकला, पोरं डोळे फाडून बघतायत, मी पण बघतोय, काहीच नाही! एक बुडबुडा नाही. दहा मिनिटांनी एक पोरगा म्हणाला "सर, खडू भिजलो". इतकी इज्जत कधी गेली नव्हती. नंतर कळलं की आपले फळ्याचे खडू बहुतेक जिप्समचे असतात, त्यातून गॅस निघत नाही. मग समुद्रावरचे शिंपले आणले, त्याच्यावर मात्र झकास बुडबुडे. आणि शिंपला पोरांनीच आणलेला असल्यामुळे "माझो शिंपलो गेलो" हे दुःख पण खरं. घाटावर शिंपले नाही मिळाले तर शहाबादी फरशीचा तुकडा चालेल, तो चुनखडकच.

जुनं_ते_सोनं

सगळं वाचलं. प्रामाणिक प्रश्न, आमच्या आजोबांनी आयुष्यभर राखुंडी आणि कडुलिंबाची काडी वापरली, ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खायचे. ब्रश नाही पेस्ट नाही. मग आता सहा वर्षांच्या पोरांच्या मागे हे सगळं कशाला? कंपन्यांचा धंदा आहे सगळा. पोरांना बाभळीची काडी द्या, फुकट आहे. आणि साखर बंद करून गूळ द्या, गुळाने दात किडत नाहीत.

दाढ_शहाणी

@जुनं_ते_सोनं, काका, ज्यांचे दात टिकले त्यांच्याच गोष्टी घरात सांगतात. ज्यांचे चाळिशीत गेले ते बोळक्याने गप्प बसले. तुमच्या आजोबांच्या लहानपणी खिशात बिस्किटाचा पुडा, पाच रुपयांचं चॉकलेट आणि पाकिटातला ज्यूस नव्हता हो, ऊस चावायला मिळायचा तो हंगामात. काडीला माझा विरोध नाही, मोठ्या माणसाने नीट चघळून कुंचला करून घासलं तर मळ निघतो. पण सहा वर्षांच्या पोराला ते जमत नाही, हिरडी फाडून घेतात, आणि काडीत फ्लोराइड नसतं. राखुंडी आणि विटकरीची पूड तर नकोच, वरचं आवरण घासून जातं.

गुळाचं म्हणाल तर गूळ म्हणजे बहुतांशी साखरच की, वर चिकट. जंतूंना सेंद्रिय आणि पांढरी यातला फरक कळत नाही.

पाटीपेन्सिल

गुळाचा विषय निघाला म्हणून, आमच्याकडे गुऱ्हाळं सुरू झाली की पोरं शाळेत येताना बाटलीच्या झाकणात काकवी घेऊन येतात आणि दिवसभर बोट बुडवून चाटतात. बंद करा म्हटलं तर कोण ऐकणार, अर्ध्यांच्या घरचंच गुऱ्हाळ आहे. म्हटलं जेवणाबरोबर भाकरीशी खा, मग चूळ भरा, झाकण दप्तरात नको. तेवढं ऐकलं बऱ्याच जणांनी.

दोन_पोरांची_आई

पुण्यातून. आमच्या बालवाडीत "टूथ वीक" झाला. मंगळवारी मेसेज आला की उद्या पाल्याने थर्माकोलचा जबडा करून आणावा. मी आणि नवरा रात्री साडेअकरापर्यंत थर्माकोल कापतोय, पाल्य झोपलेलं, आणि दात घासायचे तिघांचेही राहिले. यापुढे काय बोलणार. शुक्रवारी सर्टिफिकेट मिळालं.

बाकी डब्यात बिस्किट-केक नको असा नियम आहे शाळेचा, तो मात्र चांगला आहे. पण वाढदिवसाला प्रत्येक मूल अख्ख्या वर्गाला चॉकलेटं वाटतं तिथे नियम झोपतो.

कौलारू

@दोन_पोरांची_आई, थर्माकोलचा जबडा, हाहा. आमच्याकडे अंड्याचा रिकामा ट्रे उलटा केला की झाला जबडा, फुगवटे म्हणजे दात. फटीत पिवळी माती भरायची आणि जुन्या ब्रशने काढायची. ब्रश आडवा रेटला की माती फटीतच राहते, गोल गोल फिरवला की निघते. पोरांना न सांगता कळतं ते.

ग्लासगोकर

पाटीपेन्सिल, तुमच्या पाण्याच्या प्रश्नावर मला काहीतरी सांगता येईल म्हणून लॉगिन केलं. मी स्कॉटलंडमध्ये राहते, इथे चाइल्डस्माइल म्हणून सरकारी कार्यक्रम आहे, त्यात नर्सरीतली मुलं रोज शाळेतच दात घासतात. मुलगी तीन वर्षांची असताना पहिल्यांदा बघायला गेले तर मला वाटलं बेसिनपाशी रांग असेल. तसलं काही नाही. मुलं टेबलाभोवती खुर्च्यांवर बसलेली, कोरड्या ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट, घासतायत, झालं की पेपर टॉवेलमध्ये थुंकायचं. चूळ नाही! मी बाईंना विचारलं पाणी कुठंय, तर म्हणाल्या थुंकायचं, धुवायचं नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं.

आता हे मला पचायला वेळ लागला. आपल्याकडे दात घासणं म्हणजे शेवटी खळखळून चूळ, आजीने तसंच शिकवलं. सासूबाई आल्या होत्या त्यांनी तर "पोरीच्या तोंडात फेस तसाच" म्हणून दोन दिवस तोंड वाकडं केलं.

अजून एक बघितलं ते तुमच्या कामाचं असेल. पेस्टची ट्यूब एक असली तरी ती मुलांच्या ब्रशला टेकवत नाहीत. स्वच्छ ताटलीवर अंतर अंतर ठेवून पेस्टचे ठिपके काढतात आणि एकेक मूल आपल्या ब्रशने एक ठिपका उचलतं. ब्रशच्या स्टँडला भोकं असतात, प्रत्येकाला चित्र किंवा नंबर, ब्रश एकमेकांना लागत नाहीत, हवा लागते. चित्र बरं, मुलीला नाव वाचता येत नव्हतं पण "माझं बदक" बरोबर सापडायचं.

पाटीपेन्सिल

@ग्लासगोकर, अहो काय सांगताय! म्हणजे पाणी नाही हे माझ्या पथ्यावरच पडलं की. डॉक्टर ताई, हे खरं का? चूळ नको?

दाढ_शहाणी

खरं. फक्त दोन चुळांची गल्लत करू नका. खाल्ल्यावरची चूळ उत्तम सवय, ती आपल्या आज्यांची देणगीच आहे, ती ठेवा. पेस्टनंतरची खळखळून चूळ नको, नुसतं थुंकायचं, जास्तीचं तोंडात राहू द्यायचं नाही एवढंच. म्हणजे तुमच्याकडे क्रम असा: खिचडी, एक घोट पाण्याने चूळ, मग कोरडा ब्रश, मग राखेच्या टोपलीत थुंकी, विषय संपला.

रोज शाळेत घासण्याचं काम फिलिपाइन्सच्या सरकारी शाळांतही झालंय, हात धुणं आणि दात घासणं एकत्र. मुद्दा तोच, सांगून होत नाही, रोज हातात ब्रश द्यावा लागतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर २० मार्चला जागतिक मुखआरोग्य दिनाला येणारी आमची शिबिरं, मी पण जाते त्यात, भाषण आणि फुकट ब्रश, त्याने फोटो चांगले येतात.

काळी_माती

जरा वेगळा मुद्दा. मी यवतमाळ जिल्ह्यातली, पांढरकवड्याकडची. आमच्या भागात बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्यामुळे पोरांचे कायमचे दात येतानाच पिवळे-तपकिरी, चट्ट्यांचे, रेघारेघांचे येतात. माझे स्वतःचे आहेत. तिसरीत असताना बाईंनी वर्गात दात तपासले आणि मला उभं करून म्हणाल्या "ही दात घासत नाही, बघा." मी रोज घासायची. त्या दिवशी घरी येऊन विटेच्या पुडीने घासले, रक्त येईपर्यंत. नंतर फोटोत कधी तोंड उघडून हसले नाही, लग्नाच्या पण नाही.

म्हणून प्लीज, जे कोणी वर्गात "हसरा पांढरा दात, रडका पिवळा दात" करतात त्यांनी विचार करा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या कितीतरी पोरांचे दात पाण्याने तसे झालेत, घासून पांढरे होणार नाहीत. पाण्यात फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात, आमच्या हापशाला त्याहून जास्त होतं हे मोठेपणी कळलं.

दाढ_शहाणी

@काळी_माती, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ते डाग म्हणजे फ्लोरोसिस, किडणं नव्हे आणि घाण तर नव्हेच. दात हाडात तयार होत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने होतं, म्हणून उपाय पाण्यापाशी, ब्रशपाशी नाही. अशा गावात पेस्ट चिमूटभर आणि मोठ्यांच्या नजरेसमोर, गिळायची नाही, आणि कुठली ते तिथल्या डॉक्टरला विचारून. शिक्षकांनी रंग बघूच नये, खड्डा आणि दुखणं बघावं.

पाटीपेन्सिल

काळी_माती ताई, वाचून पोटात कालवलं. माझ्या तक्त्यावर रडका दात पिवळाच होता.

तुमचं वाचण्याच्या आदल्या आठवड्यातच मी बीटचा प्रकार केला होता. बीटचा काप चावायचा, एक चूळ, मग आरशात बघायचं, जिथे मळ आहे तिथे लाल रंग धरून राहतो. नशीब माझं की आधी मी स्वतः केलं, सगळ्यांसमोर. माझ्याच खालच्या पुढच्या दातांच्या मागे लालभडक! पोरं इतकी खूश, "बाईंचं पण हाय, बाईंचं पण हाय". त्यामुळे पुढे कोणी कोणाला चिडवलं नाही, सगळे माझे दात बघण्यात गुंग. आता प्रत्येकाला छोटा आरसा, आपलं आपण बघायचं, दुसऱ्याच्या तोंडात डोकवायचं नाही, असा नियम केलाय. गणवेशाचे शर्ट मात्र गुलाबी झाले त्याचं काही करता आलं नाही.

कौलारू

बीट आमच्याकडे बाजाराच्या दिवशीच. डागाच्या गोळ्या मिळतात ना मेडिकलमध्ये?

दाढ_शहाणी

हो, मळ दाखवणाऱ्या गोळ्या मिळतात, डेंटल सामानाच्या दुकानात बघा, साध्या मेडिकलमध्ये कधी असतात कधी नसतात. बीट चालतंय.

जुनं_ते_सोनं

काळी_मातींचं वाचून माझा सूर जरा उतरला. काडीवर मी ठाम आहे (मोठ्यांसाठी). पण एक विचारतो, हे पडणारेच दात ना? दुधाचे दात पडून नवे येणार, मग एवढा आटापिटा कशाला?

दाढ_शहाणी

काका, हा प्रश्न रोजचा आहे. दुधाचे दात २०, त्यातल्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत तोंडात असतात. सहाव्या वर्षी किडलेली दाढ म्हणजे चार-पाच वर्षं दुखणं, एका बाजूने जेवणं, रात्री रडणं. लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि खालच्याला वाट राहत नाही.

आणि खरी फसगत पुढे आहे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. कुठलाच दात न पडता येते म्हणून आईबापांना वाटतं ही पण दुधाचीच. ती कायमची असते! पाटीपेन्सिलच्या वर्गात आत्ता बरोबर तीच येत असणार, तिच्या माथ्यावर खोल घळी असतात, अन्न अडकतं, वर्षभरात किडून माझ्याकडे येते आणि आई म्हणते "पडेल ना ही?" वेळेत आणली तर त्या घळी सीलंटने (पातळ लेपाने) बुजवता येतात, सुई नाही, दुखत नाही.

पाटीपेन्सिल

हे भारी आहे. उद्याच करते, "पाहुणी आली का" असा खेळ. जिभेने सगळ्यात मागे चाचपून बघायचं, नवी दाढ लागली की फळ्यावर नावापुढे टिंब.

आता गृहपाठाचं सांगते. पोरांना घरातली माणसं आणि ब्रश मोजून लिहून आणायला सांगितलं. एकाने आणलं: माणसं सात, ब्रश तीन, "आज्जी मशेरी, आजोबा काय न्हाई (दातच न्हाईत)". तीन ब्रश सात जणांत कसे, तर "जो आधी उठंल त्याचा". मी हसले आणि मग हसू थांबलं.

मशेरी तव्यावर भाजताना अख्ख्या गल्लीला ठसका लागतो, पोरांना ते रोजचंच. सरळ "आजीला सांग वाईट आहे" असं मी पोराच्या तोंडून वदवणार नाही, आजी दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन माझीच शाळा घेईल. म्हणून संक्रांतीला शाळेत हळदीकुंकू ठेवून आज्यांनाच बोलावायचं ठरवलंय, वाणात ब्रश.

दाढ_शहाणी

वाणात ब्रश! झकास. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्याला कोण बंदी घालणार. आज्यांना एवढंच सांगा की मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, हिरडीतून भिनते, म्हणूनच न लावता डोकं दुखतं. तोंडात पांढरा चट्टा असेल, तिखट झोंबत असेल तर दाखवा. स्वतःची सोडा असं पहिल्याच दिवशी म्हणू नका, नातवाच्या बोटाला लागू देऊ नका म्हणा. ते बहुतेक जणी ऐकतात, माझा अनुभव आहे.

आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते ना शाळेत वर्षातून एकदा तपासणीला, त्यांच्या यादीत दातही आहेत. खड्डेवाल्या पोरांची नावं आधीच काढून ठेवा, चिठ्ठी मागून घ्या.

दोन_पोरांची_आई

रात्रीचं कोणी काही लिहिलं नाही. आमच्याकडे खरी लढाई रात्रीच.

दाढ_शहाणी

रात्रीचंच जास्त महत्त्वाचं, झोपेत लाळ कमी होते. आणि सात-आठ वर्षांपर्यंत तुम्ही घासून द्यायचं, मुलाला आधी ब्रशशी खेळायचं असेल तर खेळू दे. बुटाची नाडी स्वतः नीट बांधता येत नाही तोवर मागच्या दाढा घासता येतात यावर मी विश्वास ठेवत नाही.

पाटीपेन्सिल

आमच्या रात्रीचं कारण वेगळंच निघालं. मी समजत होते आळस. एकेकाला बसवून विचारलं तर बहुतेकांचे ब्रश बाहेरच्या न्हाणीत, परसात, तिथे दिवा नाही, कुत्री असतात, पोरं घाबरतात. इतकी वर्षं मी "रात्री दात घासा" शिकवतेय आणि ब्रश अंधारात आहे हे मला माहीतच नाही! आता ब्रश स्वयंपाकघरात, पिण्याच्या पाण्याच्या कट्ट्यावर पेल्यात ठेवायचा असं आयांना सांगितलं. निम्म्या घरी झालंय.

पाटीपेन्सिल

धागा वर काढतेय. जानेवारी संपला.

जूनपासून रोज चाललंय, परीक्षा आणि निवडणुकीच्या ड्युटीचे दिवस सोडून. स्टँड केला जुन्या लाकडी फळीला भोकं पाडून, वर मच्छरदाणीचं कापड, प्रत्येकाला चित्र (बैलाच्या चित्रावरून मारामारी झाली, शेवटी चार बैल काढले, वेगवेगळ्या रंगांचे). पहिल्या आठवड्यात ताटलीतल्या पेस्टला मुंग्या लागल्या, आता ताटली पाण्याच्या परातीत. वेळ मोजायला घड्याळ नको म्हणून पाढे. तोंडाचे चार भाग, बे ते पाचपर्यंत चार पाढे, पण तोंडात ब्रश असताना पाढा म्हणता येत नाही हे पहिल्याच दिवशी फेस उडून कळलं, तेव्हापासून अर्धा वर्ग घासतो, अर्धा पाढे म्हणतो, मग बदली. दुसरीच्या पोरांचे पाचापर्यंतचे पाढे इतके पक्के कधीच नव्हते.

आज्यांचं हळदीकुंकू झालं. एक आजी ब्रश बघून म्हणाल्या, "ह्यो मला? मला तीनच दात हायती, त्यास्नी पुरंल."

आणि काडीवाली मुलगी. ग्रामीण रुग्णालयात नेलं तिला, दाढ वाचण्यासारखी नव्हती, काढली. दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत बांधून शाळेत घेऊन आली. मी भिंग दिलं. पहिली-दुसरी सगळी भोवती गोळा. तिने बराच वेळ खड्ड्यात बघितलं, काडी घालून बघितली. "काय हाय?" "काय न्हाई. नुस्तं भोक हाय." मग सगळ्यांनी बघितलं. मग मैदानात जाऊन शाळेच्या पत्र्यावर फेकली, टण्ण वाजली आणि घरंगळून परत खाली. तिसऱ्या फेकीला वर राहिली.

दाढ_शहाणी

कुठली दाढ होती? दुधाची शेवटची असेल तर तिथली जागा राखायला तारेची कडी बसवतात, नाहीतर मागची नवी दाढ पुढे सरकेल. वेळ घालवू नका.

पाटीपेन्सिल

खालची, डावी, शेवटचीच. मंगळवारी नेतेय परत. गाडीत अजून तिघं आहेत.